चार खोल्या आणि तिसरं पान

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही वेळणेश्वरजवळच्या एका वाडीत राहतो. हे निवृत्त झाल्यावर बोरिवलीची जागा मुलाच्या हवाली केली, गावी आलो आणि घरामागे चार खोल्या बांधल्या. 'निवांत' नाव ठेवलं. जेवण मी स्वतः करते. आलेली माणसं खूश होऊन जातात, पण येतात कमी. मे महिन्यात आणि दिवाळीत जागा पुरत नाही, एरवी शनिवार-रविवारीही खोल्या रिकाम्या. दोन अ‍ॅपवर आमची नोंद आहे. भाच्याने गूगलवर 'गुहागर होमस्टे' टाकून दाखवलं. आधी जाहिराती, मग मोठ्या कंपन्यांची पानं, तिसऱ्या पानापर्यंत आमचं नाव नाही. अ‍ॅपमध्येही आम्ही तळाला. एक एजन्सी म्हणते, चाळीस हजार द्या, तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी. ह्यांचं म्हणणं, भाव पाडावा. भाचा म्हणतो, नातेवाइकांकडून पन्नास रिव्ह्यू लिहून घेऊ, रस्त्यापलीकडच्या रिसॉर्टने तेच केलंय. नाव बदलून त्यातच 'गुहागर बीच' घालावं, असंही एकाने सुचवलं. काय करू?

— एक गृहिणी, ता. गुहागर

प्रिय ताई,

एजन्सीला पैसे देऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत त्यांचा पुन्हा फोन आलेला असेल आणि या वेळी 'तुमच्यासाठी' म्हणून आकडा तीस हजारांवर उतरलेला असेल. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय. हमी देणारे बहुतेक वेळा एक युक्ती करतात. 'निवांत होमस्टे वेळणेश्वर घरगुती जेवण' असं लांबलचक काहीतरी शोधून दाखवतात आणि म्हणतात, बघा, पहिले आलात. एवढे शब्द टाकल्यावर दुसरं येणार तरी कोण? आणि 'आम्ही गूगलमधून बोलतोय, तुमचं प्रोफाइल बंद होणार आहे, फी भरा' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. नकाशावरच्या व्यवसायाच्या नोंदीला गूगल एक रुपयाही घेत नाही.

आता थोडा हिशोब करू. चार खोल्या, वर्षातल्या सगळ्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री धरल्या तर साधारण एकशेचार रात्री. म्हणजे वर्षाला चारशे सोळा खोल्या भरायच्या. त्यातल्या मे, दिवाळी, नाताळच्या आपोआप भरतात. उरल्या समजा तीनशे. एक कुटुंब दोन खोल्या दोन रात्री घेतं असं धरलं, तर अख्ख्या वर्षात पाऊणशे कुटुंबं मिळाली की तुमचे शनिवार-रविवार संपले. 'गुहागर होमस्टे' शोधणाऱ्या हजारो लोकांनी तुम्हाला बघण्याची गरजच नाही. त्या शब्दांवर ज्यांची झुंज चाललीय त्यांच्याकडे जाहिरातीचं वेगळं खातं आहे, पगारी माणसं आहेत. पाऊणशे कुटुंबं शोधायची तर ती काय टाइप करतात ते बघावं लागेल, आणि ती 'गुहागर होमस्टे' टाइप करत नाहीत.

भाच्याने दाखवलेलं पान मात्र एकदा नीट समजून घ्या. सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेल्या जाहिराती, पैसे भरून आलेल्या. त्याखाली बहुधा नकाशा आणि त्याबरोबर मोजक्या जागा. मग बुकिंगच्या मोठ्या कंपन्यांची 'गुहागरमधली उत्तम होमस्टे' छापाची पानं. अशा पानांवर शेकडो जागा, हजारो रिव्ह्यू आणि सगळ्या इंटरनेटवरून आलेले दुवे असतात. चार खोल्यांच्या घराची वेबसाइट त्यांच्यावर चढणं जवळजवळ अशक्य, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पण मधला तो नकाशा आहे ना, तिथे तुम्हाला जागा आहे. तिथलं गणित वेगळं असतं. गूगल सांगतं त्याप्रमाणे तिथे तीन गोष्टी बघितल्या जातात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ किती, अंतर किती, आणि तुमचा लौकिक किती.

यातलं अंतर तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं. वेळणेश्वर गुहागर गावापासून वीसेक किलोमीटर दूर. 'गुहागर' शोधणाऱ्याच्या नकाशाचा मध्य गुहागरातल्या व्याडेश्वराच्या देवळाच्या आसपास पडतो आणि तुम्ही त्याच्या कडेलाही नसता. म्हणजे भाच्याने चुकीच्या गावात तुम्हाला शोधलं! त्याला आता 'वेळणेश्वर राहण्याची सोय', 'हेदवी होमस्टे', 'वेळणेश्वर घरगुती जेवण' असं शोधायला सांगा. मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही. वेळणेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग लोक 'एल'नंतर 'ए' लावूनही लिहितात आणि न लावताही. तुमच्या माहितीत दोन्ही कुठे ना कुठे यायला हवीत. आणि स्वतःच्या फोनवर रोज आपलंच नाव शोधून मिळणाऱ्या क्रमांकावर विश्वास ठेवू नका. तुम्ही कुठे बसलात, आधी काय शोधलं, यावर निकाल बदलतात. बोरिवलीच्या मुलाला त्याच्या फोनवरून शोधायला सांगा. तुमचा पाहुणाही तिकडेच बसलेला असतो.

नकाशावरची नोंद तुमच्या नावाने झालीय का, हे पत्रात लिहिलेलं नाही. झाली नसेल तर या आठवड्यात तेच करा. इथे एक बारीक नियम आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. सुट्टीसाठी भाड्याने द्यायचा बंद बंगला, जिथे मालक राहत नाही, त्याला गूगल अशी व्यवसाय-नोंद देत नाही. लोणावळ्यात व्हिला घेऊन ठेवलेल्या पुणेकरांची इथेच पंचाईत होते. तुम्ही मात्र तिथेच राहता, पाहुण्यांना उठून दार उघडता, म्हणून होमस्टे या प्रकारात तुमची नोंद होऊ शकते. पडताळणीला हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, बाहेरची पाटी, आतल्या खोल्या, आणि ही जागा तुम्हीच चालवता याचा काही पुरावा. म्हणजे आधी गेटवर पाटी हवी. पाटी नसलेली घरं या पडताळणीत अडकून बसतात.

नोंद झाली की पिन तपासा. कोकणातल्या वाड्यांमध्ये नकाशाची पिन शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे असणं नेहमीचं. रात्री नऊला पोरांना घेऊन आलेली गाडी दुसऱ्याच्या खळ्यात जाऊन उभी राहते, आणि त्याची किंमत तुमच्या रिव्ह्यूमध्ये वसूल होते. दारात उभं राहून पिन बरोबर लावा. शेवटच्या वळणाचा, गाडी कुठे लावायची त्या जागेचा फोटो टाका. समुद्राचा फोटो सगळेच टाकतात. लोक खरे कशाला अडतात, तर बाथरूम, गादी, गाडी लावायची जागा आणि जेवणाचं ताट. ते चार फोटो स्वच्छ उजेडात काढा. मोदक केलेत त्या दिवशी मोदकांचा, घावन केलेत त्या दिवशी घावनांचा.

आता त्या पाऊणशे कुटुंबांकडे येऊ. ती कोण? तुमच्या गावाकडे एक गोष्ट आहे जी दापोलीच्या किंवा अलिबागच्या होमस्टेवाल्याला पैसे देऊनही मिळणार नाही. वेळणेश्वर अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत आहे, आणि हेदवीचा दशभुज गणपती जवळच. लग्नानंतर, मुंजीनंतर, नातू झाल्यावर ही माणसं कुलाचार करायला येतात. सीझन बघून येत नाहीत. जुलैतल्या मंगळवारीही येतात. सोबत सत्तरीची आई असते, पाय दुखणारे काका असतात. त्यांना तळमजल्यावरची खोली हवी, कमोड हवा, कांदा-लसूण नसलेलं ताट मिळेल का ते हवं, अभिषेकासाठी सकाळी किती वाजता निघावं लागेल ते हवं. याची उत्तरं त्यांना कुठल्याच मोठ्या कंपनीच्या पानावर मिळत नाहीत. ती तुमच्याकडे आहेत. फक्त ती कुठेही लिहिलेली नाहीत.

म्हणून स्वतःची एक छोटी वेबसाइट करा. गूगलने पूर्वी नोंदीबरोबर फुकट मिळणारी साधी वेबसाइट 2024 च्या मार्चमध्ये बंद केली, त्यामुळे आता ती स्वतःच करावी लागेल. नावाच्या नोंदणीला वर्षाला हजार रुपयांच्या आसपास लागतात. भाचा रिव्ह्यू लिहिण्याऐवजी दोन रविवार यावर बसला तर त्याचं कौतुक करीन. पण त्यात 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे नका लिहू. ते सगळ्यांनी लिहिलंय. चिपळूण स्टेशनवर उतरून तुमच्यापर्यंत कसं यायचं ते लिहा. दापोलीकडून येणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने यावं आणि गणपतीपुळ्याकडून येणाऱ्यांनी जयगड-तवसाळ फेरीबोटीने, ते लिहा. बोटीत मोटार चढते हे मुंबईच्या अनेकांना माहीतच नसतं, आणि ती लांबचा वळसा घालून, थकून, चिडून तुमच्या दारात पोचतात. बामणघळ, म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावरची खडकातली घळ, भरतीच्या वेळी बघायची असते, ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसेल, आणि पावसाळ्यात तिथे कड्याशी जायचं नाही, हे लिहा. तुमच्या खोल्यांत पायऱ्या किती, मोबाइलला कुठल्या कंपनीची रेंज येते, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, हेही लिहा. मराठीत लिहा, खाली इंग्रजीत. 'वेळणेश्वरला अभिषेकासाठी जायचंय, राहायचं कुठे' असं शोधणारा माणूस महिन्यात दहा वेळा का असेना, तो येतो तेव्हा घ्यायचंच म्हणून येतो. हल्ली शोधाच्या वरच्या भागात यंत्राने तयार केलेलं उत्तरही दिसतं. तेही अशा ठोस माहितीच्या पानांवरूनच बनतं.

देवस्थानाच्या लोकांशी तुमची ओळख असणारच. त्यांच्या कार्यालयात किंवा त्यांच्याकडे वेबसाइट असेल तर तिथे राहण्याच्या सोयींची यादी असते का विचारा. कुलदैवताला येणारी माणसं पहिला फोन गुरुजींना करतात, गूगलला नंतर. गुरुजींकडे तुमचं कार्ड असणं हे पहिल्या पानावर असण्यापेक्षा कमी नाही.

रिव्ह्यूंचं. नातेवाइकांकडून एकही लिहून घेऊ नका. स्वतःच्या व्यवसायाला स्वतः किंवा घरच्यांनी रिव्ह्यू देणं, सवलत देऊन रिव्ह्यू मिळवणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. एकाच आठवड्यात पन्नास लोकांनी, त्यातले चाळीस कधी वेळणेश्वरला आलेलेच नाहीत, पाच तारे दिले की यंत्रणेला संशय येतो. खोटे तर जातातच, कधी त्यांच्याबरोबर खरेही जातात. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानकही काढलंय, आयएस 19000 नावाचं. त्याने उद्या कोणाला बेड्या पडणार नाहीत, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. रस्त्यापलीकडच्या रिसॉर्टचं काय करायचं? रिव्ह्यू उघड खोटा दिसत असेल तर त्याच्याशेजारी तक्रार करायची सोय असते, ती करा आणि विसरून जा. त्यांच्या नादी लागून तुमचं नुकसानच होईल, कारण त्यांच्याकडे तीस खोल्या आहेत आणि तुमच्याकडे फक्त तुमचं नाव.

खरे रिव्ह्यू मागायचे कसे, हा प्रश्न आपल्या बायकांना अवघड जातो. जेवायला वाढताना 'अजून घ्या' म्हणणं सोपं, 'लिहा' म्हणणं जड. गूगलच्या नोंदीतून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो छापून पडवीत लावा. निघताना माणसं गाडीत सामान भरत असतात तेव्हा सांगा, "पुढे येणाऱ्यांना उपयोग होईल असं काहीतरी लिहा, काय जेवलात, कसे आलात." तारे मागू नका. 'छान आहे, फाइव्ह स्टार' या रिव्ह्यूचा शोधात फारसा उपयोग नाही. 'आईला गुडघ्याचा त्रास, खालची खोली मिळाली, काकूंनी उपासाचं वेगळं करून दिलं' हा रिव्ह्यू सोनं आहे. कोणी 'उपासाचं जेवण' किंवा 'तळमजला' शोधलं की गूगल कधी कधी रिव्ह्यूंमधली ती ओळ उचलून दाखवतं. प्रत्येकाला उत्तर द्या, दोन ओळींचं. वाईट आला तरी. वाईट रिव्ह्यूला दिलेलं शांत उत्तर पुढचा पाहुणा फार बारकाईने वाचतो, असं माझं पक्कं मत आहे. भांडखोर उत्तर तर त्याहून बारकाईने वाचतो.

आता अ‍ॅप. तुम्ही तिथे तळाला का, याची काही कारणं अगदी साधी असतात आणि ती आधी संपवावीत. पाहुणा तारखा टाकतो, माणसं टाकतो, मग गाळण्या लावतो: एसी, पार्किंग, वायफाय, जेवण. ज्या सोयीवर तुम्ही टिचकी मारलेली नाही ती लावली की तुम्ही यादीतून गायब. खाली नाही, गायब. कॅलेंडरमध्ये गणपतीत घरची माणसं येणार म्हणून बंद केलेले दिवस पुढे उघडायचे राहून गेले तर तेच. 'किमान दोन रात्री' ठेवलं असेल तर एका रात्रीसाठी शोधणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. मे महिन्यात दोन रात्रींची अट ठेवा, पण जुलैत ती काढून टाका. पत्र वाचून मला दाट संशय आहे की तुमची निम्मी अडचण इथे आहे. भाच्याला एकदा पाहुणा होऊन, तारखा टाकून, तुमचीच जागा बुक करायला बसवा. कुठे हरवता ते पंधरा मिनिटांत कळेल.

मग येतो क्रम. एअरबीएनबी सांगतं की त्यांच्याकडे जागेचा दर्जा, लोकप्रियता, किंमत आणि ठिकाण यांना सर्वाधिक वजन असतं. चांगल्या यजमानांना ते देतात तो सुपरहोस्टचा बिल्ला हवा तर 4.8 किंवा त्याहून वर रेटिंग, नव्वद टक्के चौकश्यांना चोवीस तासांत उत्तर, स्वतः रद्द केलेली बुकिंग एक टक्क्याहून कमी, आणि वर्षात किमान दहा मुक्काम, असे निकष आहेत आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. बिल्ल्याचं एवढं मनावर घेऊ नका, पण त्यामागच्या सवयी बघा: लवकर उत्तर देणं आणि आलेलं बुकिंग न मोडणं. दोन अ‍ॅपवर आणि शिवाय फोनवर बुकिंग घेता, तेव्हा एकच खोली दोघांना जाण्याचा धोका असतो, आणि मग एक मोडावं लागतं. ते मोडणं फार महाग पडतं. दोन्ही कॅलेंडरं एकमेकांना जोडायची सोय असते, ती जोडा. फोनवर घेतलेलं बुकिंग त्याच क्षणी अ‍ॅपमध्ये बंद करा, रात्री निवांतपणे नाही.

काही कंपन्यांमध्ये जास्त कमिशन दिलं किंवा त्यांच्या सवलत योजनेत सामील झालात की वर दाखवतात. हे गुपित नाही. आपल्याकडच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्यांचा क्रम ठरवण्याचे मुख्य निकष आणि त्यांचं वजन सोप्या भाषेत जाहीर करणं अशा बाजारपेठांवर बंधनकारक आहे. तुम्ही ते वाचा. गुळगुळीत भाषेत लिहिलेले असतात, तरी कुठे पैसा बोलतो आणि कुठे रेटिंग, एवढं कळतं. जास्त कमिशनचा झटका सीझनमध्ये कधीच देऊ नका. तेव्हा खोल्या तशाही जातात. ऑगस्टच्या मधल्या दिवसांसाठी तशी सोय असेल तर करून बघा.

भाव पाडण्याबद्दल ह्यांना माझा नमस्कार सांगा आणि हा हिशोब दाखवा. खोली 2500 रुपयांची, कमिशन वीस टक्के धरलं तर हातात 2000. भाव 1800 केला तर हातात 1440. चादरी धुणं, गॅस, कामाला येणाऱ्या बाईचा पगार, यातलं काहीही कमी होत नाही. शिवाय 1800 ला येणारी पार्टी वेगळी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. भाव सरसकट पाडण्याऐवजी दिवसाप्रमाणे ठेवा. शनिवारचा तसाच राहू दे. मंगळवारचा उतरवा आणि त्यात एक जेवण घाला. शोधात 'जेवणासह' हा शब्द दोनशे रुपयांच्या सवलतीपेक्षा जास्त काम करतो, निदान कोकणात तरी.

अ‍ॅपवरच्या पाहुण्याला 'पुढच्या वेळी थेट फोन करा, स्वस्तात देते' असं सांगू नका. बऱ्याच अ‍ॅपच्या करारात याला बंदी असते आणि खातं बंद होऊ शकतं. थेट बुकिंगचा भाव अ‍ॅपपेक्षा कमी ठेवायला मात्र बरेच लोक उगाच घाबरतात. तुमच्या करारात समान भावाची अट, म्हणजे दुसरीकडे कुठेही त्यांच्यापेक्षा कमी भाव ठेवायचा नाही अशी, आहे का ते बघा. भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोच्या प्रकरणात हॉटेलांवरच्या अशाच अटी काढून टाकायला सांगितलं होतं आणि दोनशे तेवीस कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. म्हणजे हा प्रश्न फक्त तुमच्यासारख्यांनाच पडत नाही.

आणखी एक गोष्ट घडते, ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही. अ‍ॅपवर तुमची जागा आवडलेला माणूस बाहेर येऊन गूगलवर तुमचं नाव टाकतो. खात्री करायला, फोटो बघायला, कधी सरळ नंबर मिळतो का बघायला. त्याला तुम्ही कुठेही बोलावलेलं नसतं, तोच येतो. त्या वेळी तुमचं नाव, नकाशा, वेबसाइट आणि फोन नंबर दिसला तर पुढचं त्याच्या मर्जीवर. न दिसलं तर बरेच जण घाबरून दुसरीकडे जातात, कारण फसवणुकीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत.

त्यासाठीच राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करून घ्या, केली नसेल तर. केंद्राच्या योजनेतही मालक तिथेच राहत असलेलं आणि जास्तीत जास्त सहा खोल्यांचं घर बसतं, तुम्ही चारमध्येच आहात. प्रमाणपत्राचा फोटो वेबसाइटवर आणि नकाशाच्या नोंदीवर लावा. अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी माणूस नेमकं तेच शोधत असतो. पैसे घरातल्या कोणाच्या तरी नंबरवर न घेता व्यवसायाच्या नावाने खातं काढून त्याच्या क्यूआरवर घ्या. 'निवांत'ला पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच नावाचा माणूस दिसला की सावध पाहुणा थांबतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

थेट आलेल्या पाहुण्यांचे नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठेवा आणि त्यांनाही तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. रोज सुप्रभात नको. वर्षातून तीन-चार वेळा पुरे: आंबा सुरू झाला, नारळीपौर्णिमेच्या आसपास खोल्या आहेत, महाशिवरात्रीच्या यात्रेला जागा हवी तर आत्ताच सांगा.

तुमच्या आजूबाजूला, हेदवीला, पलीकडच्या वाड्यांत अशी आठ-दहा घरं तरी असतील. त्यांच्याशी बोला. मे महिन्यात तुम्ही किती फोन 'फुल्ल आहे' म्हणून ठेवता? ते शेजारच्या वैनींकडे पाठवा, आणि त्या तुमच्याकडे पाठवतील. सगळ्यांनी मिळून वेळणेश्वर-हेदवी परिसराचं एक पान केलं, प्रत्येकाचा पत्ता, खोल्या, जेवण, फोन, आणि प्रत्येकाने आपल्या वेबसाइटवरून त्याला दुवा दिला, तर एकेकट्याला कधीच मिळणार नाही अशी जागा त्या पानाला मिळू शकते. आपल्याकडे हे घडायला दोन वर्षं लागतात, त्यातलं दीड वर्ष खर्च कोणी करायचा यात जातं. म्हणून आधी खर्चाचं ठरवा, मग चहा करा.

राहिलं नाव. 'गुहागर बीच' घालू नका. गूगलच्या नियमात पाटीवर नसलेले शब्द नावात कोंबणं बसत नाही, कोणी तक्रार केली तर नोंद निलंबित होऊ शकते. ते झालं नाही तरी तुम्ही गुहागरच्या बीचवर नाही आहात. ज्याला तो बीच हवा होता तो वीस किलोमीटर पुढे आल्यावर काय लिहील ते कळतंच आहे. पण 'निवांत'चीही अडचण आहे. 'निवांत', 'आमराई', 'सागर', 'निसर्ग' या नावांची होमस्टे पालघरपासून सावंतवाडीपर्यंत इतकी आहेत की नाव आठवूनही माणूस भलत्याच दारी पोचतो. मुलाच्या लग्नातल्या कोणीतरी तुमचं नाव सांगितलं, पाहुण्याने 'निवांत होमस्टे' टाकलं, आणि लोणावळ्याचं निवांत उघडलं, असं एकदा तरी झालं असणार.

नाव बदलायचंच असेल तर आत्ता बदला, रिव्ह्यू थोडे आहेत तोवर. दोनशे झाल्यावर कोणी बदलत नाही. वाडीचं नाव, घराचं जुनं नाव, आडनाव, यातलं काहीतरी घ्या, जे शोधलं की पहिल्या पानावर तुम्हीच याल. ठरवण्याआधी ते मुलाला बोरिवलीत बसून गूगलवर, नकाशावर आणि दोन्ही अ‍ॅपवर शोधायला सांगा. रिकामं असेल तर त्याच दिवशी वेबसाइटसाठी नोंदवून टाका. मग रंगाऱ्याला बोलवा आणि गेटवरची पाटी, नकाशाची नोंद, अ‍ॅप, क्यूआर, सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.